ताप येतो, जातो, पुन्हा उलटतो: रक्ताची पीसीआर नेमकी कधी करावी?

पानगळ | २९ जुलै

नमस्कार मंडळी. एरवी मी फक्त वाचत असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आम्ही सॅक्रामेंटोला राहतो. ४ जुलैच्या सुट्टीत मी, नवरा, दीर आणि जाऊ असे चौघं टाहो सरोवराजवळ डोंगरातल्या एका जुन्या लाकडी केबिनमध्ये तीन रात्री राहून आलो. १२ तारखेला नवरा जेवता जेवता अर्धी पोळी ताटात टाकून उठला. इतकी हुडहुडी भरली की दोन पांघरुणं घालूनही दात वाजत होते. ताप १०४. डोकं, पाठ, पोटऱ्या सगळं ठणकत होतं. तीन दिवसांनी रात्री इतका घाम आला की चादर पिळून काढावी लागली, आणि सकाळी ताप साफ गेलेला. व्हायरल असेल म्हणून सोडून दिलं. आठवडाभर तो ऑफिसलाही गेला. २३ तारखेला पुन्हा तेच, तसंच, संध्याकाळीच.

कोविड, फ्लू निगेटिव्ह. गेल्या डिसेंबरात पुण्याला जाऊन आलो होतो म्हणून मलेरियाची पट्टी लावली, तीही निगेटिव्ह. प्लेटलेट ९८ हजार. लाइम या गोचिडीपासून होणाऱ्या आजाराची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली. काल संसर्गजन्य रोगांच्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'महिन्याभरात घराबाहेर कुठे झोपला होतात?' केबिनचं सांगितल्यावर म्हणाले, हा रिलॅप्सिंग फीवर, म्हणजे उलटणारा ताप असू शकतो, रक्ताची पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी करू.

माझे प्रश्न असे. २५ तारखेपासून ताप अजिबात नाही. तर आत्ता रक्त दिलं तर काही सापडेल का, की पुन्हा ताप येईपर्यंत थांबायचं? हा जंतू म्हणे सूक्ष्मदर्शकातून सरळ दिसतो. मग पीसीआर कशाला? आणि हा ताप गोचीड चावून येतो म्हणे, पण कुणालाच काही चावल्याचं आठवत नाही. अंगावर गोचीड आम्ही पाहिलेलीच नाही.

घाबरले आहे. अनुभव असेल तर जरूर लिहा.

---

शेवगा | २९ जुलै

काळजी घ्या. माहिती नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितेय.

---

सूक्ष्मदर्शी | २९ जुलै

पानगळ, मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच, मी फक्त चाचणीबद्दल लिहिते.

हा ताप बोरेलिया कुळातल्या जिवाणूंमुळे येतो. पश्चिम अमेरिकेतल्या डोंगराळ भागात सापडतो तो बोरेलिया हर्म्साय. स्प्रिंगसारखा पीळ असलेला हा जिवाणू ताप चढलेला असताना रक्तात भरपूर असतो, कधी कधी एका मिलिलिटरमध्ये दहा लाखांच्या वर. तेव्हा साध्या गिम्सा रंगाच्या स्लाइडवरही तो दिसतो. ताप उतरला की शरीरानं बहुतेक जिवाणू मारलेले असतात आणि स्लाइड कोरी दिसते. स्लाइडवर दिसायला मिलिलिटरमागे साधारण दहा हजार ते एक लाख जिवाणू तरी लागतात. पीसीआरला त्याहून फारच थोडे पुरतात.

पण पीसीआर झाली तरी ती नळीत आलेल्या रक्तातच शोधणार. ताप नसताना नळीत एकही जिवाणू आला नाही तर ती तरी काय दाखवणार? म्हणून माझं मत असं: आत्ता एक नमुना द्या, आणि पुन्हा हुडहुडी भरली की पहिली गोळी पोटात जाण्याआधी दुसरा द्या. आत्ताचा निगेटिव्ह आला तर त्यावर विसंबून गाफील राहू नका.

नळी जांभळ्या झाकणाची, म्हणजे ईडीटीएची हवी. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपारिन असतं, ते पीसीआरच्या विकराला (एन्झाइमला) अडवतं.

---

डॉ_कृष्णाकाठ | २९ जुलै

मी सांगलीकडे चाळीस वर्षं प्रॅक्टिस केली. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. तापात काढलेली एक पातळ आणि एक जाड स्लाइड, आणि ती वीस मिनिटं पाहणारा एक माणूस, एवढ्यात हा रोग पकडता येतो. दीडशे वर्षांपूर्वी पकडला होता. आज कुणाला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा नाही, म्हणून प्रत्येक गोष्टीला पीसीआर. रिपोर्ट येईपर्यंत पेशंट तापानं फणफणतोय त्याचं काय?

---

सूक्ष्मदर्शी | २९ जुलै

डॉक्टर, तुमच्या निम्म्या म्हणण्याला माझं शंभर टक्के अनुमोदन. स्लाइड तासाभरात उत्तर देते, पीसीआरचा नमुना बहुतेक वेळा बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत जातो आणि दिवस लागतात. पेशंट आजारी असेल तर रिपोर्टची वाट पाहत उपचार थांबवायचे नसतातच.

पण पानगळच्या नवऱ्याच्या बाबतीत काय झालं ते बघा. मलेरियाची 'पट्टी' लावली, स्लाइड नाही. पट्टीवर फक्त मलेरियाचं प्रथिन कळतं. स्लाइड पाहणाऱ्याला मलेरिया शोधता शोधता बोरेलिया दिसतो, जगभर हा रोग असाच योगायोगानं सापडत आला आहे. पट्टी आली आणि तो योगायोग संपला. प्लेटलेट मोजणाऱ्या यंत्राला तर हे पीळदार जिवाणू दिसतच नाहीत. म्हणून तुमची स्लाइडही हवी आणि माझी पीसीआरही.

---

रानभूल | २९ जुलै

पानगळ, 'चावल्याचं आठवत नाही' याचं उत्तर माझ्याकडे आहे, कारण मी दरवर्षी टाहोकडच्या सिएरा नेवाडा डोंगरांत भटकते आणि केबिनमध्ये राहण्याआधी हे वाचावंच लागलं.

आपल्या डोळ्यांसमोर गोचीड म्हणजे गाईच्या कानामागे आठवडाभर चिकटून टम्म फुगलेली. ती कठीण पाठीची. उलटणारा ताप देणारी मऊ अंगाची, ऑर्निथोडोरॉस. तिची सगळी वागणूक ढेकणासारखी. दिवसा लाकडाच्या फटीत, खारींच्या घरट्यात बसायचं, रात्री माणूस झोपला की यायचं, अर्ध्या तासाच्या आत रक्त पिऊन परत फटीत. दुखत नाही, सकाळी अंगावर काही नसतं. एरवी ती खारी आणि चिपमंकवर जगते. छतात घरटं असेल आणि खारी मेल्या किंवा निघून गेल्या, की भुकेली गोचीड खाली पलंगाकडे वळते. १९७३ साली ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावरच्या लाकडी खोल्यांमध्ये असाच उद्रेक झाला होता, ६२ माणसं आजारी पडली होती.

केबिनमध्ये छतात खुडबुड ऐकू येत होती का?

---

पानगळ | ३० जुलै

रानभूल, वाचून अंगावर काटा आला. पहिल्या रात्री माळ्यावर दाणे सांडल्यासारखा आवाज येत होता. दीर म्हणाला, 'खार असेल, किती गोड!' जाऊ माळ्याखालच्याच खोलीत झोपली होती आणि ती पाच महिन्यांची गरोदर आहे. तिला ताप नाही. तिला काही सांगू की उगाच घाबरवू नको?

नवऱ्याचं रक्त आज सकाळी दिलं. जांभळं झाकणच होतं, मी मुद्दाम पाहिलं.

---

अदिसहून_परत | ३० जुलै

जावेला आजच सांगा. घाबरवायला नाही, तिच्या प्रसूतितज्ज्ञांना कळावं म्हणून. गरोदरपणात हा ताप आईला आणि बाळाला दोघांनाही जड जातो, गर्भपाताचा धोका असतो. ताप नसेल तर छानच. पण उद्या अंग कसकसलं तर 'बघू दोन दिवस' म्हणायची सोय तिला नाही.

मी पाच वर्षं इथिओपियातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होतो, म्हणून या आजाराशी जवळून ओळख आहे. तिथे तो उवांमुळे होतो. डोक्यातल्या नव्हे, कपड्यांच्या शिवणीत राहणाऱ्या. जंतू बोरेलिया रिकरेंटिस. ऊ चावून रोग होत नाही, ती खाजवताना चिरडली जाते आणि तिच्या अंगातले जंतू ओरखड्यातून आत शिरतात. थंडी-पावसात एका खोलीत दहा-दहा मजूर आपापल्या एकुलत्या एक शालीत झोपतात, तेव्हा वॉर्ड भरायचे.

मी पाहिलेली पहिली केस अजून आठवते. रक्ताचा थेंब काचेवर घेऊन न रंगवताच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तांबड्या पेशी एका जागी उभ्या राहून हलत होत्या, कुणीतरी कोपरानं ढकलावं तशा. नीट पाहिल्यावर त्यांच्यामधून एक बारीक, पीळदार केस वळवळत गेला. मग दुसरा. एका दृश्यात सात-आठ.

तिथे पीसीआर नव्हती, आणि तापात आलेल्या माणसाला तिची गरजही नव्हती. इथवर मी डॉ_कृष्णाकाठ यांच्या बाजूचा. पण जो ताप उतरल्यावर यायचा, किंवा गावातून येताना दुकानातून घेतलेल्या दोन कॅप्सूल गिळून यायचा, त्याची स्लाइड कोरी असायची आणि आम्ही त्याला टायफॉइडचे उपचार द्यायचो. ते चेहरे आठवले की पीसीआर हवीच होती असं वाटतं.

---

अक्षरवेडा | ३० जुलै

अवांतर: 'रिलॅप्सिंग फीवर'ला उलटणारा ताप हा शब्द फार आवडला. आमची आजी 'ताप उलटला' असंच म्हणायची. आयुर्वेदातल्या विषमज्वराच्या तृतीयक-चतुर्थक प्रकारांत हाच असेल का? आणि एकांतरा ताप म्हणतात तोही?

---

डॉ_कृष्णाकाठ | ३० जुलै

अक्षरवेडा, नाही. एकांतरा म्हणजे एक दिवसाआड, तृतीयक-चतुर्थक म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी. हे चित्र मलेरियाशी जुळतं. या तापात मधली सुटी जवळजवळ आठवड्याची असते. शिवाय आता 'विषमज्वर' म्हटलं की लोक टायफॉइड समजतात, त्यामुळे तो शब्द न वापरलेला बरा.

---

नाशिककर_मी | ३० जुलै

या रोगाचं आपल्याकडचं नातं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

१८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात दख्खनमधली भुकेली माणसं कामासाठी मुंबईत लोटली आणि १८७७ मध्ये तिथे या तापाची साथ आली. त्याला दुष्काळी तापही म्हणत. ग्रँट मेडिकल कॉलेजातले हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी तेव्हा मुंबईतल्या रुग्णांच्या रक्तात हा पीळदार जंतू दाखवला आणि पुढे रुग्णांचं रक्त टोचून माकडांमध्येही ताप आणून दाखवला. शरीररचनेच्या ज्या इंग्रजी ग्रंथावर आजही डॉक्टर शिकतात, त्याची मूळ चित्रं काढणारे कार्टर ते हेच. जंतू सर्वात आधी पाहिला बर्लिनमध्ये ओटो ओबरमायर यांनी, १८६८ मध्ये. प्रसिद्ध केलं १८७३ मध्ये, आणि त्याच वर्षी ते पटकीनं गेले.

आणि तो उवांमधून पसरतो याचा भक्कम पुरावा मिळाला आमच्या नाशिकला! १९०७ मध्ये एफ. पी. मॅकी या डॉक्टरांनी इथल्या एका मिशनच्या वसतीतली साथ अभ्यासली. मुलग्यांमध्ये ताप फार, मुलींमध्ये कमी. ढेकूण, डास सगळं तपासल्यावर फरक सापडला तो कपड्यांतल्या उवांचा. मुलग्यांच्या कपड्यांत उवा जास्त, आणि त्या उवांच्या पोटातही जंतू जास्त. नाशिकमध्ये जन्म गेला, पण हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

---

शेवगा | ३० जुलै

नाशिककर, द्राक्षं, चिवडा आणि आता उवा! मानलं.

---

नाशिककर_मी | ३० जुलै

शेवगा, कोंडाजीच्या चिवड्याच्या पंक्तीला उवा बसवू नका हो :)

---

तळकोकण | ३१ जुलै

आमच्याकडे बांदा-दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापानं बरीच माणसं नेली. तोही गोचिडीचा, काजूच्या बागेत पाचोळा गोळा करणाऱ्यांना होणारा. त्यातही काहींचा ताप उतरून परत येतो. तिथेही पीसीआरच करतात. मग तो हाच का?

---

सूक्ष्मदर्शी | ३१ जुलै

तळकोकण, नाही. माकडतापाचा विषाणू आहे, गोचीडही कठीण पाठीची, रानातली. विषाणूत आरएनए असतो म्हणून आधी त्याचा डीएनए करून घ्यावा लागतो. कोविडच्या वेळी सगळ्यांच्या तोंडी झालेली 'आरटी-पीसीआर' ती हीच. बोरेलियाला डीएनएच आहे, ती पायरी लागत नाही. साम्य एकच, दोन्हीकडे रक्त कुठल्या दिवशी काढलं यावर सगळं ठरतं.

निमित्त झालंच आहे तर पीसीआर नेमकं काय शोधते तेही लिहिते.

हा जिवाणू बहुरूप्यासारखा आहे. बहुरूपी आज पोलीस होऊन येतो, उद्या वाघ्या, परवा डॉक्टर. बोरेलियाच्या अंगावर प्रथिनाचा एक झगा असतो. शरीर आठवडाभरात तो झगा ओळखून प्रतिपिंडं तयार करतं, जिवाणू मारले जातात, ताप उतरतो. पण काहींनी तोवर झगा बदललेला असतो. वेगवेगळ्या झग्यांची जनुकं त्याच्याकडे साठवलेली असतात. एकाच जिवाणूपासून वाढवलेल्या पिढ्यांमध्ये दोन डझनांच्या आसपास वेगवेगळे झगे सापडले आहेत. नव्या झग्यातले वाढतात आणि ताप उलटतो.

म्हणून पीसीआर झग्याच्या जनुकामागे लागत नाही. सोंग कुठलंही असो, बहुरूप्याच्या अंगठ्याचा ठसा तोच. तसे न बदलणारे जनुक धरतात: १६एस, शेपटीच्या प्रथिनाचा फ्लॅ-बी, आणि ग्लिप-क्यू. हा ग्लिप-क्यू फार कामाचा, कारण लाइमच्या बोरेलियात तो नसतोच. पानगळच्या नवऱ्याची लाइमची चाचणी पॉझिटिव्ह आली ती याच गोंधळातून असू शकते. दोघं चुलतभाऊ, प्रतिपिंडांना चेहरे सारखे वाटतात. ग्लिप-क्यू सापडला तर लाइमचा प्रश्न मिटतो. पुढे अमुकच जात आहे हे ठरवायला सापडलेल्या तुकड्याचा अनुक्रम, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचा क्रम वाचतात.

पानगळ, एक नक्की विचारा. मागवलेली पीसीआर कुठल्या बोरेलियाची आहे? काही गोचीड-पॅनलमध्ये, म्हणजे गोचिडीच्या आजारांच्या एकत्रित चाचणीत, लाइम आणि मियामोटोई एवढेच असतात. हर्म्साय त्यात धरला जातो की नाही हे प्रयोगशाळेला फोन करून विचारायला लावा.

---

पानगळ | ३१ जुलै

विचारलं! पॅनल नुसतं लाइम आणि मियामोटोईचंच होतं. डॉक्टरांनी स्वतः फोन करून उलटणाऱ्या तापाची वेगळी पीसीआर त्याच नमुन्यावर लावायला सांगितली. सूक्ष्मदर्शी, तुमचे आभार कसे मानू? हा मियामोटोई कोण आता?

---

सूक्ष्मदर्शी | ३१ जुलै

त्याच कुळातला, पण राहतो लाइमच्या कठीण गोचिडींमध्ये. जपानमध्ये १९९५ मध्ये सापडला, माणसाला आजार होतो हे २०११ मध्ये रशियातून कळलं. त्याचे जिवाणू रक्तात इतके विरळ असतात की स्लाइडवर क्वचितच दिसतात. तिथे पीसीआरशिवाय गत्यंतर नाही, हे डॉक्टर कृष्णाकाठही मान्य करतील.

---

डॉ_कृष्णाकाठ | ३१ जुलै

मान्य. पण पानगळच्या प्रकरणात चुकीच्या जंतूचं पॅनल लागलं होतं, हेही ध्यानात घ्या. स्लाइडला 'मला काय शोधायचंय' हे आधी सांगावं लागत नाही. डोळ्याला जे दिसेल ते दिसेल. पीसीआरला तुम्ही जे विचाराल त्याचंच उत्तर मिळतं.

---

सूक्ष्मदर्शी | ३१ जुलै

हे अगदी खरं आहे, डॉक्टर. आमच्या विद्यार्थ्यांना उद्या हेच सांगणार आहे.

---

इझारकाठ | १ ऑगस्ट

मी म्युनिकला असते, प्रयोगशाळेतच काम करते. २०१५ मध्ये एरिट्रिया, सोमालियातून लिबियामार्गे समुद्र ओलांडून आलेल्या तरुण मुलांमध्ये उवांचा उलटणारा ताप युरोपात पुन्हा दिसला. जर्मनी, इटली, नेदरलँड्स, सगळीकडे. इथल्या डॉक्टरांच्या दोन पिढ्यांनी तो पाहिलेलाच नव्हता. बऱ्याच जणांत आधी मलेरियाच्या स्लाइडवरच जंतू दिसला, आणि मग पीसीआर व अनुक्रमावरून तो रिकरेंटिस असल्याचं ठरलं. दोन्ही लागलं.

ते निश्चित होणं गरजेचं होतं. गोचिडीचा असता तर एका माणसापुरता प्रश्न. उवांचा म्हटल्यावर निवाऱ्यातले सगळ्यांचे कपडे, पांघरुणं कडक पाण्यात धुणं आलं.

---

अदिसहून_परत | १ ऑगस्ट

इझारकाठ यांना जोडून: सेनेगलच्या दिएल्मो गावातही असंच झालं. वर्षानुवर्षं मलेरिया समजून औषध दिलेले कितीतरी ताप प्रत्यक्षात बोरेलिया क्रोसिड्युरीचे निघाले. घरात उंदरांची बिळं, बिळांत मऊ गोचिडी. तिथे नुसतं 'मलेरिया नाही' कळून भागत नव्हतं, मग काय आहे ते सांगणारी चाचणी गावाजवळ हवी होती.

पानगळ, एक सूचना आत्ताच देऊन ठेवतो. निदान झालं आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस दिला, की एक-दोन तासांत प्रकृती आधी बिघडू शकते. थरथर, ताप आणखी चढतो, मग रक्तदाब उतरतो. एकदम मरणाऱ्या जिवाणूंमुळे हे होतं, यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया म्हणतात. औषधाची ॲलर्जी समजून घाबरू नका. मात्र पहिला डोस घरी घेऊ नका, डॉक्टरांच्या नजरेखाली घ्या आणि निदान चार तास तिथेच थांबा.

---

रानभूल | १ ऑगस्ट

मग केबिनमध्ये राहिलेल्या बाकीच्यांनी आधीच गोळ्या घ्यायच्या का?

---

सूक्ष्मदर्शी | १ ऑगस्ट

इस्रायलमध्ये गुहांमधून जाणाऱ्या सैनिकांना तिथल्या बोरेलिया पर्सिकाचा त्रास होतो. गोचिडीच्या संपर्कात आलेल्या ९३ जणांवरचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक घेतलेल्या ४७ पैकी एकालाही ताप आला नाही, नुसती खोटी गोळी घेतलेल्या ४६ पैकी १० जणांना आला. पण तिथे संपर्कानंतर लगेच औषध दिलं होतं. इथे महिना होत आला आणि बाकी तिघं ठणठणीत आहेत. शिवाय गरोदर बाईला डॉक्सीसायक्लिन शक्यतो टाळतात. हे त्यांच्या डॉक्टरांवरच सोडू या.

---

पानगळ | २ ऑगस्ट, रात्री ९.४०

ईआरमधून, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सीतून लिहितेय. सात वाजता हुडहुडी भरली. तापाची टायलेनॉलही दिली नाही, तशीच गाडी काढली. नर्सला म्हटलं, आधी रक्त, मग औषध. जांभळ्या दोन नळ्या घेतल्या आणि मी हट्टानं सांगितलं की एकीची स्लाइड माणसानं बघायला हवी. ताप १०४.३.

---

शेवगा | २ ऑगस्ट

आम्ही सगळे इथेच आहोत.

---

डॉ_कृष्णाकाठ | २ ऑगस्ट

शाब्बास पोरी. इथे सकाळ झाली आहे, चहा घेऊन बसलोय. कळव.

---

पानगळ | ३ ऑगस्ट, पहाटे ३.१५

दिसला! रात्रपाळीच्या तंत्रज्ञ बाईंनी सव्वाअकराला स्वतः फोन केला. पहिला डोस साडेबाराला दिला. बरोबर दोन वाजता तो थरथरायला लागला, ताप १०५ च्या वर, मग रक्तदाब ८४ वर. सलाइन लावलं. अदिसहून_परत, तुमचा प्रतिसाद वाचलेला नसता तर मी त्या खोलीत कोसळले असते. आत्ता शांत झोपलाय.

---

अदिसहून_परत | ३ ऑगस्ट

वाईट टप्पा ओलांडलात. आता तुम्हीही थोडं पडा.

---

पानगळ | ११ ऑगस्ट

सगळे रिपोर्ट आले, ज्यांनी मदत केली त्यांच्यासाठी लिहिते.

३० जुलैला, ताप नसताना दिलेल्या रक्ताची पीसीआर: निगेटिव्ह. २ ऑगस्टला, औषधाआधी दिलेल्या रक्ताची: पॉझिटिव्ह, अनुक्रमावरून बोरेलिया हर्म्साय. माणूस तोच, मध्ये तीन दिवस. लाइमची दुसरी, खात्रीची चाचणी निगेटिव्ह.

काउंटीच्या आरोग्य विभागातून फोन आला. हा आजार कॅलिफोर्नियात कळवावाच लागतो. त्यांनी केबिनचा पत्ता घेतला. माळ्यावर खारींची दोन जुनी घरटी निघाली. मालकानं सध्या भाड्यानं देणं बंद केलंय. जाऊबाई ठीक, तिच्या डॉक्टरांनी रक्त तपासून लक्ष ठेवलंय. नवऱ्याचा दहा दिवसांचा कोर्स उद्या संपेल.

आज तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी त्या स्लाइडचा फोटो दाखवला, मी मागून घेतला. खाली टाकतेय. गुलाबी गोल तांबड्या पेशी, आणि मधोमध जांभळा, कुरळ्या केसासारखा तो.

---

डॉ_कृष्णाकाठ | ११ ऑगस्ट

फोटो मोठा करून पाहिला. रंग सुरेख चढलाय. त्या तंत्रज्ञ बाईंना सांगलीहून एका म्हाताऱ्याचा नमस्कार सांग. खाली डावीकडे अजून एक आहे, दोन पेशींच्या आड दडलेला. दिसला का?

---

पानगळ | ११ ऑगस्ट

थांबा, बघते.

दिसला.